गव्हाणीतला बुळबुळीत सभासद

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. त्याच्या कितीतरी आधी हरिगावात खासगी बेलापूर कंपनी ऊस गाळत होती. कारखाना खासगी असो वा सहकारी, भागभांडवल न भरता तिथे हजर होणारा एक सभासद असतो: ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडिस हा जिवाणू.

कोयता पडला की कापलेल्या टोकातून तो उसात शिरतो. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ती फोडून तो ग्लुकोजला ग्लुकोज जोडत जातो. या लांब साखळीचं नाव डेक्स्ट्रान. उरलेलं फ्रुक्टोज काही आंबवतो, काहीवर हायड्रोजन चढवून मॅनिटॉल करतो. मग रस चिकट होतो, गाळणी तुंबते, पॅनमध्ये साखरेचे दाणे सुईसारखे लांबट पडतात. त्यात एक फसवणूकही आहे. डेक्स्ट्रान प्रकाशाला साखरेच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे वळवतं, म्हणून प्रयोगशाळेत शिळ्या रसाचा पोल, म्हणजे प्रकाश किती वळतो यावरून काढलेलं साखरेचं प्रमाण, उलट चढा दिसतो!

या चिकट्याचा छडा लागला युरोपात, बीटच्या कारखान्यांपायी. हे जिवाणूंचं काम असल्याचं पाश्चरने 1861 मध्ये दाखवलं, 1874 मध्ये शायब्लरने डेक्स्ट्रान हे नाव दिलं आणि 1878 मध्ये व्हॅन टिगेमने जिवाणूचं बारसं केलं. पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथे ग्रोनवॉल आणि इंगेलमन या संशोधकांना वाटलं, हा चिकटा रक्तद्रवाची जागा घेईल. साखळ्या आम्लाने तोडून आखूड केल्या आणि 1947 पासून डेक्स्ट्रानच्या बाटल्या रुग्णांना चढू लागल्या. त्याच साखळ्या रसायनाने एकमेकींत गुंतवून 1959 मध्ये सेफाडेक्स आलं. प्रथिनं वेगळी करायला प्रयोगशाळा ते वापरतात. लोहाशी जोडलेलं डेक्स्ट्रान रक्तक्षयावर टोचलं जातं. आणि हो, इडलीचं पीठ फुगवण्यातही हाच जिवाणू पुढे असतो.

तेव्हा जिवाणूला दोष देण्यात अर्थ नाही. ऊस आत नेणाऱ्या गव्हाणीवर वाफ मारा, जंतुनाशक टाका, तो थोडा आवरेल. पण टोळीने तोडलेला ऊस गाडीतळावर नंबर लागेपर्यंत उन्हात पडला, तर त्याला मोकळं रानच मिळतं. त्यात ऊस वाळून काट्यावर वजन घटतं, ते एकट्या शेतकऱ्याचं. बुडालेली साखर मात्र सगळ्यांची, कारण एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरते.