पावसाची सरासरी

एकामागून एक येणारे आकडे वाचावेत, ९९९९९ हा आकडा आला की यादी संपली असे समजावे, आणि तो खुणेचा आकडा वगळून उरलेल्यांची सरासरी काढावी, एवढे क्षुल्लक काम अमेरिकेतील येल विद्यापीठात इलियट सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संगणकाची भाषा शिकणाऱ्या मुलांपुढे ठेवले. पुढे त्यात पर्जन्यमानाचे आकडे आले आणि तो ‘पावसाचा प्रश्न’ म्हणून या विषयाच्या अध्यापकवर्गात रूढ झाला. १२, ८ आणि १० या आकड्यांची सरासरी १० हे कोणताही कारकून तोंडी सांगेल. पण खुणेचा आकडाही बेरजेत धरणाऱ्या आज्ञावलीतून तेच उत्तर २५००७ च्या घरात जाते, आणि अशा आज्ञावल्या थोड्याथोडक्या नव्हत्या.

तोवर अशा अपयशाचा निकाल लावण्याची रीत सोपी होती : कोणाला ही विद्या उपजत साधते, कोणाला साधत नाही, असे म्हणून मास्तर मोकळे. सोलोवे यांच्या मंडळींनी चुकीची उत्तरपत्रिका ही गुन्ह्याचा दाखला न मानता विद्यार्थ्याची कैफियत मानली, आणि माझ्या मते या विद्येच्या अध्यापनाचा खरा इतिहास तेथूनच सुरू होतो. तपासात दिसले ते असे, की माणूस स्वभावतः आकडा आधी घेतो आणि मग त्याचा हिशेब करतो. पास्कल भाषेतील ‘व्हाइल’ची, म्हणजे अट खरी असेतो तेच काम पुन्हा पुन्हा करावयास लावणाऱ्या फेऱ्याची, रचना मात्र पहिला आकडा फेऱ्याबाहेर वाचावयास लावून, आत आधी हिशेब व मग पुढचे वाचन, असा उलटा क्रम लादते. म्हणून त्यांनी फेऱ्याच्या मधूनच बाहेर पडण्याची सोय असलेले पास्कलचे सुधारित रूप काही विद्यार्थ्यांना दिले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार नवशिक्यांतील यशस्वींचे प्रमाण १४ टक्क्यांवरून २४ वर गेले, आणि मुरलेल्या विद्यार्थ्यांतील ६९ वरून ९६ वर. दोष सर्वस्वी शिकणाराचा नव्हता; काही भाग भाषेच्या घडणीचाही होता.

जेफ्री बोनार आणि सोलोवे यांना आणखी एक गोष्ट आढळली. काही मुलांची अशी समजूत होती, की ‘व्हाइल’ची अट यंत्र क्षणोक्षणी डोळ्यांत तेल घालून पाहत असते. समजूत खोटी, पण निराधार नव्हे. ‘पाऊस पडतोय तोपर्यंत छत्री उघडी ठेव’ असे आपण घरातल्या पोराला सांगतो, तेव्हा सर ओसरताच तो छत्री मिटतो. यंत्र मात्र ठरावीक वळणावर पोचल्यावाचून आभाळाकडे मान वर करून पाहतच नाही, मधल्या वाटेत ऊन पडले तरी छत्री उघडीच. व्यवहारातले शहाणपण येथे आडवे येते, आणि ज्याला रोजची बोलभाषा चांगली अवगत तोच येथे फसण्याचा संभव अधिक.

हे सारे छापून झाले तरी वर्गातील तालीम पूर्ववत् चालू राहिली. २००१ साली मायकेल मॅक्क्रॅकन यांच्या पुढाकाराने चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांकडून गणकयंत्राचे काम करणारी आज्ञावली लिहवून घेण्यात आली. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. लिहिता येत नाही ते प्रश्न सोडविण्याची रीत ठाऊक नाही म्हणून, असा तर्क झाला. त्यावर रेमंड लिस्टर यांच्या गटाने २००४ मध्ये सात देशांतील मुलांना, लिहावयास न लावता, आयती आज्ञावली वाचून तिचे फलित काय ते विचारले, तेव्हा पुष्कळांना तेही धड जमेना. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्याकडून आपण निबंधांची अपेक्षा करीत होतो.

वाचन आणि लेखन यांच्या मधली पायरी न्यूझीलंडच्या ओटॅगो पॉलिटेक्निकमधील डेल पार्सन्स व पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली बांधली. विद्यार्थ्याला कोरे पान द्यावयाचे नाही. बरोबर आज्ञावलीच्याच ओळी उलटसुलट करून, क्वचित एखादी फसवी ओळ मिसळून पुढे ठेवावयाच्या, आणि त्याने त्या जागच्या जागी बसवावयाच्या. ‘खालील वाक्ये योग्य क्रमाने लावा’ हा आमच्या प्राथमिक शाळेतील मराठीच्या पेपरातला प्रश्न होता, आणि त्याला गुणही बरे मिळत.