तांबड्या समुद्रातील विद्यार्थिनी

“गुरुजी, मासे झोपतात का हो?” वर्गातल्या एका पोराने मला विचारले, आणि माझी पंचाईत झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. घरी येऊन पुस्तके चाळू लागलो आणि उत्तर शोधता शोधता एका मुलीच्या गोष्टीत गुंतून गेलो.

युजिनी क्लार्क तिचे नाव. जन्म १९२२ सालचा, न्यूयॉर्क शहरातला. आई जपानी वंशाची. वडील तान्हेपणीच वारलेले. आई पोटासाठी राबे, आणि शनिवारी कामावर जाताना लेकीला मत्स्यालयात सोडून जाई. काचेला नाक लावून ती पोर तासन् तास मासे बघत बसे. त्या काचेच्या पलीकडे जायचे, हा ध्यास तिने तेव्हाच घेतला.

वाट मात्र सोपी नव्हती. १९४७ साली सरकारी कामासाठी ती फिलिपाइन्सकडे निघाली आणि हवाई बेटावरच अडवली गेली. का? तर रक्त जपानी! महायुद्ध संपले होते, संशय संपला नव्हता. वाट पाहून अखेर तिने राजीनामा दिला. दुसरी एखादी रडत घरी परतली असती. हिने हवाईच्याच पाण्यातले मासे अभ्यासायला घेतले!

१९५० साली ती डॉक्टर झाली, आणि १९५१ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी घरदका येथे गेली. एका अंगाला रखरखीत वाळवंट, दुसऱ्या अंगाला पोवळ्यांचे रंगीत रान. तेथल्या संशोधनकेंद्राचे प्रमुख डॉ. गोहर यांनी समुद्रफूल आणि त्याच्या विषारी बाहूंत निर्धास्त नांदणारा चिमुकला मासा यांच्या मैत्रीचा अभ्यास केला होता. आपल्या कोकणात ज्याला केंड म्हणतात, त्याच्या गोतातले विषारी मासे हा युजिनीचा विशेष विषय. तिने सुमारे तीनशे जातींचे मासे गोळा केले. त्यांतल्या तीन जाती शास्त्राला अगदी नव्या होत्या. हे काम निव्वळ पाहण्याचे नव्हे. भाला आणि विषारी भुकटी वापरून मासे मारावेही लागत. ते तिने लपविले नाही. १९५३ साली निघालेल्या तिच्या आत्मकथेच्या नावातच भाला आहे.

पुढे याच समुद्रातला एक चपटा मासा हाताळताना तिची बोटे झिणझिणली. मोझेसने समुद्र दुभंगला तेव्हा मधोमध सापडून हा मासाही दुभंगला, अशी दंतकथा आहे. त्याच्या अंगातून दुधासारखा स्राव पाझरतो. तिने प्रयोग केले, तेव्हा त्या स्रावापुढे प्रत्यक्ष शार्कही त्याला खाईना! इवल्याशा झिणझिणीकडे दुर्लक्ष न करणे, यालाच विद्या म्हणायचे.

नव्वदी ओलांडल्यावरही ती पाण्यात उतरत होती. २०१५ साली ती गेली. जिला वंशापायी एका समुद्राच्या वाटेवर अडवले, तिला दुसऱ्या समुद्राने आपला दरवाजा उघडून दिला.

आणि हो, मासे झोपतात! पोवळ्यांवर चरणाऱ्या पोपटमाशांच्या काही जाती तर रात्री स्वतःभोवती चिकट द्रवाची पातळ मच्छरदाणी विणून निजतात. सुट्टी संपली की त्या पोराला हे सांगायचे आहे. त्याला म्हणावे, असेच विचारीत राहा, बाबा. काचेपलीकडे जायची वाट तेथूनच सुरू होते.