मंगळावरचा कम्प्युटर सारखा रीस्टार्ट का व्हायचा?

कुणी लोकलमध्ये असेल, कुणी भांडी घासत असेल. इअरफोन नीट लावा, कारण आज एक गोष्ट माझ्या घरातली आहे आणि एक थेट मंगळावरची.

आधी घरातली. आठ महिने पैसे साठवून मी स्वतःच्या हाताने कम्प्युटर जोडला. विंडोज टाकताना तो एकदा आपोआप रीस्टार्ट झाला. म्हटलं, नवीन आहे, होतं असं. मग एका रविवारी मी आजीला माइकसमोर बसवलं. १९७२ च्या दुष्काळाबद्दल ती बोलत होती, खडी फोडायला कशी जायची ते सांगत होती. पाऊण तास झाला आणि स्क्रीन काळी! रेकॉर्डिंग गेलं. परत विचारलं तर म्हणाली, "सांगितलं की रे एकदा."

त्या रात्री चिडून वाचायला बसलो, तेव्हा ही दुसरी गोष्ट सापडली.

४ जुलै १९९७. नासाचं मार्स पाथफाइंडर यान एअरबॅगांवर उड्या मारत मंगळावर उतरलं. त्याच्या पोटात सोजर्नर नावाची साडेदहा किलोची छोटी गाडी होती. फोटो यायला लागले, जग खूश झालं. आणि काही दिवसांतच यानावरचा कम्प्युटर मधूनच रीस्टार्ट व्हायला लागला. गोळा केलेली माहिती वाचायची, पण त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं. आता मंगळावर जाऊन कॅबिनेट कोण उघडणार? सिग्नल पोचायलाच दहा मिनिटं लागायची.

बिघाड काय होता? एक घर डोळ्यासमोर आणा. स्कूटर एकच. आईला ड्यूटीवर जायचंय, तिचं काम सगळ्यात महत्त्वाचं. पण स्कूटर घेऊन धाकटा गेलाय दळण आणायला. तो पाच मिनिटांत आला असता, पण वाटेत काका भेटले आणि म्हणाले, "आधी माझं हे काम कर." काका मोठे, धाकट्याला नाही म्हणता येत नाही. काकांनी आईला अडवलेलं नाही, पण आई दारात उभीच.

यानावर अगदी हेच झालं. हवामानाची माहिती गोळा करणारं काम सगळ्यात खालच्या दर्जाचं, म्हणजे आपला धाकटा. सामायिक साधनाची किल्ली, कम्प्युटरच्या भाषेत म्युटेक्स, त्याच्याकडे असायची. तेवढ्यात मधल्या दर्जाची कामं येऊन त्याला थांबवायची. मग माहितीची वाटणी करणारं अत्यंत तातडीचं काम किल्लीची वाट बघत बसायचं. सेकंदाला ८ वेळा त्याची हजेरी तपासली जायची. काम अपुरं दिसलं की सिस्टीम समजायची, काहीतरी गंभीर बिघडलंय, आणि रीस्टार्ट करायची. म्हणजे रीस्टार्ट हा रोग नव्हताच. राखणदार ओरडत होता.

ग्लेन रीव्ज यांच्या टीमने कॅलिफोर्नियातल्या जेपीएल प्रयोगशाळेत यानासारखीच यंत्रणा चालवली आणि बिघाड पुन्हा घडवून आणला. कुठलं काम कधी सुरू झालं, कधी अडलं, याच्या नोंदी बघितल्या आणि चोर सापडला. उपाय आधीच माहीत होता. ल्यूई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला होता. धाकट्याकडे स्कूटर आहे आणि आई खोळंबलीय, तर तेवढ्यापुरता धाकट्याला आईचा मान द्यायचा. मग काका त्याला थांबवू शकत नाहीत. ही सोय यानाच्या व्हीएक्सवर्क्स सिस्टीममध्ये होतीच, फक्त या किल्लीसाठी बंद होती. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली आणि ती चालू केली. ते रीस्टार्ट थांबले. महिनाभरासाठी पाठवलेलं यान सप्टेंबरच्या अखेरपर्यंत बोलत राहिलं आणि त्याने १६,५०० हून जास्त फोटो पाठवले.

मला चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. हा बिघाड उड्डाणाआधीच्या चाचण्यांत त्यांना दिसला होता! पण शोधायला गेले की तो परत घडायचाच नाही. मग आमच्यात फरक काय? त्यांनी नोंदी ठेवणारी साधनं सॉफ्टवेअरमधून काढून टाकली नाहीत. मी मात्र "होतं असं" म्हणून विषय सोडून दिला.

मग मीही तेच केलं. विंडोजच्या सेटिंगमध्ये बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट होण्याचा पर्याय असतो, तो बंद केला. आता निळी स्क्रीन थांबून राहिली आणि तिच्यावरचा संदेश वाचता आला. संशय मेमरीवर गेला. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढली, रात्रभर मेमरी टेस्ट चालवली. मग दुसरी. दुसरीत चुकाच चुका! ती वॉरंटीत बदलून मिळाली.

तुमचाही नवा कम्प्युटर असा वागत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि पहिल्याच दिवशी तारीख-वेळ वहीत लिहा. एकदाच झालं, असं म्हणून सोडू नका.

मागच्या रविवारी आजी पुन्हा माइकसमोर बसली. दीड तास बोलली. या वेळी मी फोनवरही रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. पुढचा एपिसोड तिचाच. भेटूया!