बोलपटाचे अठरा कारखाने

शिवकालीन राज्यव्यवस्थेत अठरा कारखान्यांची गणना केलेली आढळते. रणांगणावरील पराक्रमाचे पोवाडे शाहिरांनी गाइले. परंतु त्या पराक्रमाच्या पाठीशी जो फरासखाना, जो दारूखाना आणि जो दप्तरखाना अहोरात्र राबत होता, त्याचा वृत्तान्त ज्यास हवा असेल, त्याला पोवाडे बाजूस ठेवून जमाखर्चाची बाडेच चाळावी लागतात. चित्रपटाच्या इतिहासाचीही अवस्था याहून निराळी नाही. नटनटींच्या कीर्तीचे पोवाडे आपल्याकडे उदंड झाले. पडदा रंगवणारा, दिवा धरणारा, फीत धुणारा आणि ध्वनी टिपणारा यांचे दप्तर मात्र बहुधा उघडलेच गेले नाही.

हे दप्तर उघडावयाचे, तर आरंभ कोल्हापुरापासून करावा लागतो. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवण्यात नाव मिळवलेले आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू चलच्चित्राच्या नादी लागले, आणि विलायती कॅमेरा विकत घेण्याऐवजी तो स्वतःच घडवावा, या ईर्ष्येने त्यांनी खटाटोप आरंभिला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. तथापि विष्णुपंत दामले यांच्यासारख्या हरहुन्नरी शिष्यास हाताशी धरून बाबूरावांनी तो कॅमेरा १९१८ च्या सुमारास सिद्धीस नेला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० मध्ये तिचा 'सैरंध्री' पाहून लोकमान्यांनी बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, आमच्या चित्रपटाचे हे घराणे साहित्यिकाच्या बैठकीत किंवा धनिकाच्या पेढीवर जन्मास आले नाही. ते रंगाऱ्याच्या कुंचल्यातून आणि मिस्त्रीच्या कानसेतून आले.

त्याच कंपनीत उमेदवारी केलेल्या दामले, साहेबमामा फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना केली. दिग्दर्शन शांतारामांकडे, छायालेखन धायबरांकडे, नेपथ्य फत्तेलालांकडे आणि, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून चित्र बोलू लागल्यावर, ध्वनी दामल्यांकडे, अशी ती वाटणी होती. मालकच कारागीर आणि कारागीरच मालक, अशी ही व्यवस्था ज्याने नीट ध्यानी घेतली नाही, त्याला 'प्रभात'च्या चित्रांतील काटेकोरपणाचा उगम सापडणे कठीण. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास एरंडवण्याच्या माळावर आली. तेथे चित्रमंच, रसायनशाळा, सुतारशाळा, वेषभूषागृह अशी सर्व खाती एका आवारात नांदू लागली, आणि नटांपासून हमालांपर्यंत सारे दरमहा पगारावर राहिले. अठरा कारखान्यांची आठवण होते ती येथे.

या कारखान्यांची साक्ष चित्रांतूनच काढता येते. १९३६ चा 'संत तुकाराम' वेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु अभ्यासकाने पुढील वर्षीचा 'कुंकू' डोळे मिटून ऐकून पाहावा. कथेबाहेरच्या पार्श्वसंगीतास त्यात फाटा दिलेला असून, घरातल्या आणि रस्त्यावरच्या नित्याच्या आवाजांवरच प्रसंगांचा ताण तोलून धरलेला आहे. वाद्यवृंदाच्या आधारावाचून एवढे मोठे चित्र उभे करण्याचे धाडस, ज्या कंपनीचा एक मालक स्वतः ध्वनियंत्रापाशी बसत होता, तिलाच सुचावे, यात नवल नाही.

पुढे १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले गेले, आणि १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत कंपनीचा कारभार आटोपून मालमत्ता लिलावास निघाली. योगायोग असा की, याच सुमारास, १९५१ साली, स. का. पाटील यांच्या चौकशी समितीने चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापावी, अशी शिफारस केली होती. ती अमलात येण्यास नऊ वर्षे लागली. पण १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली ती 'प्रभात'च्याच आवारात. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, आणि १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे शिक्षणही दिल्लीहून त्याच आवारात आले.

संग्रहालयाची ही तजवीज उशिराच झाली, असे म्हणणे प्राप्त आहे. या देशात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांपैकी आज पूर्ण वा त्रुटित स्वरूपात तीसच्या आसपासच उरले आहेत. चित्र म्हणजे नाशवंत माल, खेळ संपला की त्याची किंमत सरली, ही व्यापाऱ्याची समजूत. त्यात जुनी नायट्रेटची फीत ठिणगीसरशी पेट घेणारी आणि तिच्यातील चांदीसाठी वितळवली जाणारी. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडे जाऊन 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले तुकडे मिळवले, आणि अशीच वणवण करीत १९९१ पर्यंत तो संग्रह वाढवला. परंतु २००३ च्या जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि गोळा केलेल्यांपैकी बरेच धन भस्मसात झाले. दूरचित्रवाणीच्या प्रारंभीच्या कार्यक्रमांच्या नाशास तर आगीचीही गरज पडली नाही. चुंबकीय फीत महाग, म्हणून ती पुसून तिच्यावरच दुसरा कार्यक्रम मुद्रित होई.

जुन्या कज्ज्यांत कागद जळाला वा गहाळ झाला, तर हक्क शाबीत करण्यास वहिवाटीचा पुरावा चाले. आमच्या चित्रपटव्यवसायाचे कागद असेच पुष्कळसे गेले आहेत. पण वहिवाट खंडित झालेली नाही. 'प्रभात'च्या चित्रमंचावर आजही विद्यार्थी दिवे चढवतात, चौकटी ठोकतात, ध्वनी टिपताना शांततेचा पुकारा करतात. त्यांना तेथे दामल्यांचे नाव कोणी सांगो वा न सांगो. दिवा कोणत्या उंचीवरून टाकला असता भिंत खरी वाटते, हे त्या वास्तूत शिकणारा मुलगा, पडदे रंगवणाऱ्या त्या कोल्हापूरकर हातांचाच वारस ठरतो. अभ्यासकाने संग्रहालयात फिती अवश्य पाहाव्यात. मात्र दप्तर पुरे वाचायचे असेल, तर त्याने एक संध्याकाळ त्या मंचाच्या कोपऱ्यात, कोणाच्या कामाआड न येता, उभे राहून काढावी.