राबाची राख आणि जंगलाचा तंटा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे व कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांत रयत आणि जंगलखाते यांच्यात जो तंटा पेटला, त्याचे मूळ जंगल तुटण्यात होतेच. परंतु तुटलेल्या जंगलाचा दोष कोणाच्या माथी मारला गेला, यात ते अधिक होते. मुंबईला इमारती लाकूड, जळण व कोळसा याच डोंगरांतून जात असे, आणि 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाल्यावर लोहमार्ग घाटाकडे सरकू लागला तशी रुळांखालच्या लाकडी पाटांची मागणी त्यात भरीस पडली. डोंगर उघडे पडू लागल्यावर मात्र जंगलखात्याचे बोट मुख्यतः ‘राबा’कडे वळले.

राब म्हणजे भात किंवा नाचणीची रोपे तयार करण्यासाठी भाजलेली जमीन. ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या फांद्या छाटून, म्हणजेच कवळ तोडून, ती वाळवायची. शेण, कवळ, गवत व पालापाचोळा यांचे थर वाफ्यावर पसरून वर माती टाकायची आणि पावसाळ्यापूर्वी ते सारे भाजायचे, अशी ही रीत असे. आगीने तणाचे बी मरते, राखेने रोप जोमदार होते, आणि पावसाने जोर धरला की तेच रोप उपटून खाचरात लावता येते. फांदी छाटलेले झाड पुन्हा फुटते, हे शेतकऱ्याला ठाऊक होते. इमारती लाकडाच्या हिशोबाने जंगल पाहणाऱ्याला मात्र ते खुरटलेले झाडच दिसे.

1878 च्या कायद्याने जंगलाचे ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे वर्ग पाडले. राखीव जंगलात परवानगीवाचून केलेली प्रत्येक गोष्ट गुन्हा ठरे, त्यामुळे कवळ, चराई आणि सरपण या रोजच्या गरजा दंडाच्या किंवा शिपायाच्या मर्जीच्या बाबी झाल्या. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गायराने जंगलखात्याने गिळल्याची तक्रार नोंदवली ती याच काळात. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला 1885 मध्ये मुंबई इलाख्यासाठी जंगल आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल 1887 मध्ये आला, काही सवलती मिळाल्या, पण राखीव जंगलाची चौकट कायम राहिली. सवलत ही हक्काची जागा घेऊ शकत नाही, ही गोष्ट त्या काळच्या कारभाऱ्यांना उमगली नाही, किंवा उमगूनही सोयीची वाटली नाही.

पुढे 1930 मध्ये सविनय कायदेभंगाची हाक आली तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात आणि मुंबई इलाख्याच्या डोंगराळ भागांत मिठाऐवजी जंगलाचाच कायदा मोडला गेला, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. समुद्रापासून दूरच्या गावाला मिठागरापेक्षा राखीव हद्दीचा जाच जवळचा होता. कुलाबा जिल्ह्यात, जेथे समुद्रही होता आणि मीठही पिकत होते, तेथेसुद्धा चिरनेरचे लोक 25 सप्टेंबर 1930 रोजी कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या माळरानाकडे निघाले. त्या दिवशीच्या गोळीबारात सत्याग्रही तर पडलेच, परंतु बंदोबस्तासाठी आलेला मामलेदारही मारला गेला.