अंगात गेलेले लोखंड

१८९८ साली हुबळीत प्लेगने थैमान घातले, तेव्हा आपला धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत होता. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. तीच लस हुबळीत हजारो लोकांना टोचण्यात आली. दंड पुढे करताना कित्येकांच्या मनात आले असेल, की हे अंगात जाऊन कोठे राहील आणि काय करील?

ही शंका अडाणीपणाची म्हणता येणार नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जाण्यास १९०७ साल उजाडले.

पुढे १९३० च्या सुमारास क्ष-किरण चित्रे स्पष्ट यावीत म्हणून थोरियमच्या अतिसूक्ष्म कणांचे औषध शिरेतून देऊ लागले. चित्रे उत्तम आली, रुग्णही त्या वेळी ठणठणीत दिसले. पण ते कण यकृतात आणि प्लीहेत जन्मभर मुक्काम ठोकून किरणोत्सर्ग करीत राहिले. यकृताचे कर्करोग दिसू लागले ते वीस-तीस वर्षांनी.

आज लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकी कण औषधात आले आहेत. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण काही दशक नॅनोमीटरचे असतात. १९५७ मध्ये अमेरिकेत गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांनी असे कण लसीका-ग्रंथींत पोचवून बाहेरच्या चुंबकी क्षेत्राने ते तापवून पाहिले. १९८९ मध्ये उंदरांवरील अभ्यासात शिरेतून दिलेल्या कणांपैकी ८० टक्क्यांहून अधिक तासाभरात यकृतात सापडले, थोडे प्लीहेत. म्हणजे ठिकाण थोरियमचेच!

फरक पुढे पडतो. यकृतातील कुप्फर पेशी हे कण गिळून विरघळवतात आणि सुटलेले लोह शरीर आपल्या साठ्यात जमा करून नव्या रक्तासाठी वापरते. थोरियमला शरीरात असा काही उपयोगच नव्हता. मात्र लोहही अमर्याद चालत नाही. आपल्या अंगात एकूण तीन-चार ग्रॅमच लोह असते, रोज एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर पडते आणि जादा लोह टाकून देण्याची खास वाट शरीराकडे नाही. म्हणून मात्रा मोजावी लागते.

फेरुमॉक्सिटॉल हे असे एक औषध २००९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयासाठी मान्य झाले. २०१५ मध्ये त्याच्यावर सर्वांत कडक इशारा छापावा लागला, कारण काही रुग्णांना जीवघेणी ॲलर्जी झाली होती. तेव्हापासून ते सलाइनमधून सावकाश द्यावे आणि नंतर किमान अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवावे, असा नियम आहे.

मळमड्डीतल्या आपल्या घरांत डॉक्टरांना उलट विचारणे उद्धटपणाचे मानतात. तरीही घरातील वडीलधाऱ्यांना लोहाचे इंजेक्शन सुचवले, तर विचारावे: पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली होती ते नोंदले का? रक्तातील लोहसाठा तपासला का? आणि फेरुमॉक्सिटॉल दिले असेल, तर पुढील तीन महिन्यांत एमआरआय करताना तेथे आठवणीने सांगावे. हे कण त्या चित्रात दिसतात आणि वाचन चुकवू शकतात.