नावेच्या तळचे पाणी

गणेशविसर्जनास कुंभारजुव्याला दोन होड्या जोडून सांगोड निघतो. वल्ह्याच्या होडीत झिरपलेले पाणी नावाडी उपसून टाकी; ते नदीचेच असे. यंत्रनौका आल्या आणि त्या पाण्यात तेल मिसळले.

१९७३ साली लंडनला मार्पोल करार झाला. त्यातील मैल्याचे नियम मात्र २००३ साली अमलात आले. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडेच सोडावा, असा दंडक. पण ४०० टनांखालील आणि १५ हून अधिक माणसांचा परवाना नसलेल्या विहारनौकांस तो लागूच नाही! आणि आमच्या मांडवीत १२ मैल आणावेत कोठून? कुंभारजुव्याचा फाटा तिला जुवारीशी जोडतो. भरतीचे पाणी त्यातून आत शिरते, आणि सांगोडही त्याच पाण्यावर तरंगतो.